मधे न थांबणारं विमान

उमेळ्याच्या हिरामण चुरीला परत फिरायचं व्यसन होतं. दारूचं, मटक्याचं व्यसन असलेली माणसं गावोगाव सापडतात आणि त्यांच्यावर काहीतरी उपायही निघतो, निदान मार तरी मिळतो. पण अर्ध्या वाटेवरून घरी परत येण्याच्या व्यसनावर अख्ख्या वसई तालुक्यात कुणाकडे औषध नव्हतं.

लग्नानंतर नर्मदाला घेऊन तो माथेरानला निघाला. नेरळला उतरून छोट्या गाडीच्या रांगेत उभा राहिला, एकदम कपाळावर हात मारला आणि म्हणाला, "वाफ्याचं पाणी बंद केलं का गो मी?" दोघं परत. पुढे नाशिकला निघाला. कसाऱ्याला घाट चढायला गाडीला मागून इंजिन जोडतात, तेवढ्या वेळात वडे आणायला खाली उतरला आणि वडे घेऊन समोरच्या मुंबईकडच्या गाडीत जाऊन बसला. नर्मदाला पिशव्या घेऊन मागोमाग पळावं लागलं. मुलगी क्षितिजा शाळेत असताना राजस्थान ठरलं, ते सुरतेला संपलं. कोल्हापूरच्या अंबाबाईला निघाला तो पुण्याहून वळला. पुण्याहून परत येण्याला मात्र कुणी नावं ठेवली नाहीत.

दर वेळी परतीच्या गाडीत जागा मिळाली की नर्मदा मांडीवर स्टीलचा डबा घ्यायची, झाकण काढायची आणि सहलीसाठी केलेलं खाणं वाढायला लागायची. पोळ्या, तिखट वडे आणि घरची सुकेळी. आपल्याच बागेतली केळी सोलून, उन्हात वाळवून, केळीच्याच सुक्या पानात बांधलेली ही सुकेळी नेरळने पाहिली नाहीत की जयपूरने. ती कायम वसईकडे तोंड करून खाल्ली गेली. क्षितिजा आजही सांगते, "कॉलेजात जाईपर्यंत मला वाटायचं, सहलीचा डबा परत येताना खायचा असतो."

आता हिरामणला शिव्या घालायच्या आधी त्याची बाजू ऐकून घ्या. त्याची सोनचाफ्याची बाग होती. चाफा अंधार असतानाच तोडावा लागतो, रोज तोडावा लागतो. आज राहिला तर उद्या त्याला कुत्रं विचारत नाही. नोकरदाराला रविवार असतो, रजा असते, खोटं आजारपण असतं. फुलाला यातलं काही नसतं. त्यात बागेच्या तिन्ही बाजूंना इमारती आलेल्या. त्या कशा आल्या, कुणाच्या सह्यांनी आल्या, रस्त्याची जागा कुणी गिळली, हे उमेळ्यातल्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे. कागदावर मात्र सगळं कायदेशीर आहे. एक रात्र घराबाहेर झोपलं की शेजारी सात मजले उगवतात, असा हिरामणचा पक्का समज होता आणि तो अगदीच खोटा होता असं म्हणायची माझी हिंमत नाही.

तर अशा माणसाच्या बायकोला साठी लागली. क्षितिजा विरारहून आली आणि म्हणाली, "आई, काय हवं ते माग. आम्ही दोघं नवरा-बायको मिळून करू."

सगळ्यांना वाटलं, पैठणी मागेल. नाहीतर काशी. नर्मदाने हातातली गजऱ्याची सुई ठेवली आणि म्हणाली, "तू मला फोनवर दाखवलं होतंस ना, ते फुलांचं गाव. फुलं गाडीत बसतात आणि आपली आपण लिलावाला जातात."

"ॲमस्टरडॅमजवळचं? आई, ते हॉलंडला आहे. युरोपात."

"असू दे. तिथल्या फुलवालीला मला एवढंच विचारायचंय, बाई गो, तू किती वाजता उठतेस?"

घरात कुणी हसलं नाही. हिरामण उठून उगाच पाण्याची मोटार बघायला गेला. सायंकाळी परत आला तेव्हा म्हणाला, "जाऊया." आणि स्वतःच्या तोंडातून काय निघालं ते ऐकून घाबरला.

पैशाचा विषय इथे काढत नाही. तो काढला की विनोदी गोष्टही रडकी होते.

शेजारच्या फ्लॉसीबायचा मुलगा एल्रॉय, त्याचं पापडीला ट्रॅव्हल्सचं दुकान. उमेळ्यातून आखातात गेलेला प्रत्येक माणूस त्याच्याच खुर्चीत बसून गेलेला. त्याने दोघांना थंड पाजलं आणि संगणकावर बोटं नाचवली. "काकी, मस्त तिकीट आहे. दुबईला फक्त तीन तास हॉल्ट."

"म्हणजे मधे थांबतं?"

"हो, पण आरामात. जरा पाय मोकळे होतात."

"यांचे पाय मोकळे झाले की ते घरी येतात," नर्मदा म्हणाली. "मधे दार उघडणारं विमान नको. इथे बंद झालेलं दार तिथेच उघडलं पाहिजे."

हिरामण आगपेटीवरचा मजकूर वाचत असल्यासारखा खाली बघत राहिला. एल्रॉयने लहानपणापासून काकांना परत येताना पाहिलेलं होतं. त्याने मुकाट्याने दुबई पुसली.

मुंबईहून ॲमस्टरडॅमला थेट विमान जातं, हे त्याने सांगितलं आणि बातमी त्याच्या आईमार्फत गावात गेली. मग सल्ले सुरू झाले. आपल्याकडे माणूस आजारी पडला तर जेवढे सल्ले मिळतात, त्याच्या दुप्पट तो सुखात आहे असं कळल्यावर मिळतात.

फ्लॉसीबाय कुंपणाला टेकून म्हणाली, "नर्मदाबाय, हॉलंड कशाला गो? लिस्बनला जा. आपल्या किल्ल्यासारखाच किल्ला हाय तिथं, नि चर्चपण."

"किल्ला बघायला वसईत रिक्षा जाते फ्लॉसी. आणि लिस्बनचं विमान मधे थांबतं."

"मंग नको बाय," फ्लॉसी लगेच म्हणाली. "भाऊ उतरतील."

शेजारच्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर शांताराम साळगावकर राहायचे. सरकारी नोकरीतून निवृत्त. त्यांची इमारत हिरामणच्या चुलत्याच्या केळीच्या बागेवर उभी होती आणि त्यांच्या गॅलरीतून हिरामणची सगळी बाग दिसायची. त्यामुळे बागेबद्दल त्यांना हिरामणइतकीच काळजी आणि हिरामणपेक्षा जास्त मतं होती. ते बायकोबरोबर कंपनीच्या सहलीतून युरोप बघून आले होते. बघून म्हणजे बसच्या खिडकीतून. पण माणूस एकदा युरोपला जाऊन आला की तो उरलेलं आयुष्य दुसऱ्यांना तिथल्या संडासात पाणी नसतं हे सांगण्यात घालवतो.

"हिरामणराव," ते वरून ओरडले, "तिथे पाणी विकत घ्यावं लागतं बरं का!"

"इथे फुकट मिळतं का?" हिरामण खालून ओरडला. त्या दिवशी इमारतीच्या फाटकाशी टँकर उभा होता. साळगावकरांनी क्षणभर टँकरकडे बघितलं. क्षणभरच.

"आणि ते शहर समुद्राच्या पातळीखाली आहे. खाली!"

हे मात्र हिरामणला नवीन होतं. तो चाफा तोडायची आकडी खाली ठेवून उभा राहिला. "खाली? मग पावसाळ्यात घरात पाणी शिरत असेल."

"छे! एक थेंब नाही."

त्या दिवसापासून हिरामणच्या मनात स्वतःचा एक कार्यक्रम शिजायला लागला. आमचं गाव समुद्राच्या वर आहे, तरी जुलैत भांडी अंगणातून तरंगत जातात. त्यांचं खाली आहे, तरी कोरडं. याचा अर्थ तिथले नाले भरून कुणी इमारती बांधल्या नाहीत, किंवा बांधणारा तुरुंगात आहे. एवढं प्रत्यक्ष बघून यायचं. एल्रॉयने स्थळदर्शनाचा बेत केला होता: कालव्यातून बोट, पवनचक्क्या, ट्युलिपची बाग, बंदराची फेरी. हिरामणने पवनचक्क्या ठेवल्या, कारण त्यांनी पाणी उपसतात असं कळलं. बंदराला फुली मारली. "नालासोपाऱ्याला बंदरच होतं. जगातली जहाजं लागायची म्हणतात. आता टँकर लागतात. बंदराचं पुढे काय होतं ते मी रोज बघतो."

"बंदर ठेव रे," नर्मदा एल्रॉयला म्हणाली. "ज्यांचं टिकलं, त्यांचं बघू दे यांना."

मग आला व्हिसा. कागद झाले, फोटो झाले, कान दिसत नाहीत म्हणून पुन्हा झाले. 'तुम्ही परत याल याची खात्री काय?' या अर्थाचा एक प्रश्न होता. तो वाचून क्षितिजा हसता हसता खुर्चीवरून खाली आली. "बाबा, जगात हा प्रश्न विचारायची गरज नसलेले तुम्ही एकमेव माणूस आहात!"

पण अडलं भलतीकडेच. व्हिसाच्या केंद्रात नर्मदाने हिरव्या काचेवर बोटं ठेवली आणि यंत्राला काही दिसेना. आधारच्या वेळी कशीबशी उमटली होती, पासपोर्टाच्या वेळी पुसून पुसून. हे यंत्र जास्त शहाणं होतं. केळीचा चीक, चाफ्याचे देठ, सुई-दोरा आणि राख लावून घासलेली भांडी यांनी मिळून तिच्या बोटांवरच्या रेघा गुळगुळीत करून टाकल्या होत्या.

"आँटी, जोर से दबाओ," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"ती आयुष्यभर तेच करतेय," हिरामण म्हणाला.

"अंकल, आप पीछे। आँटी के तो फिंगरप्रिंट ही नहीं हैं।"

हे वाक्य हिरामणला लागलं. नाहीत म्हणजे काय? तिच्या हाताने आलेली फुलं कुठकुठल्या देवांच्या डोक्यावर गेली, किती नवऱ्या मुलींच्या केसांत गेली, आणि ही काच सांगतेय की हे हातच नाहीत! त्याने काउंटरवर मूठ आपटली. मुठीने काही झालं नाही. सुरक्षारक्षक आला, त्याने मात्र झालं. दोघांना पुन्हा बोलावलं गेलं, आणि तोवर बोटांची काळजी घ्या असं सांगितलं गेलं.

सल्ल्यांना दुसरा बहर आला. साळगावकर म्हणाले, ग्लिसरीन. इमारतीच्या ग्रुपवर कुणीतरी लिंबू सांगितलं, दुसऱ्याने लिंबू अजिबात नको म्हणून सांगितलं, आणि दोघांची जुनी पार्किंगची भांडणं उकरून निघाली. फ्लॉसीबाय तेवढी कामाचं बोलली. "खोबरेल लाव नि हातमोजे घाल. पण बोटानं काय काम करायचं नाय. भांडं नाय, फूल नाय, चूलपण नाय. हिरामणभाऊ, आयकलंत ना? काय नाय!"

आणि नर्मदा चुरी, जिने बाळंतपणात अंथरुणावर पडून गजरे ओवले होते, ती पांढरे हातमोजे घालून ओटीवरच्या झोपाळ्यावर बसली.

हिरामणने फुलं तोडली, ओवली, भांडी घासली, कपडे धुतले. तांदळाच्या भाकऱ्या थापल्या. पहिली भाकरी नर्मदाने हातमोज्यातच धरून वळवून बघितली. "ही फाटकाखाली घाला. फाटक वाऱ्याने हलतंय."

"खायची तर खा. नाहीतर फ्लॉसीकडून पाव आणतो."

"खाते ना. दात साठीनंतर तसेही पडायचेच आहेत."

वरून साळगावकर रोज विचारायचे, "हिरामणराव, आज काय बेत?" आणि हिरामण बोंबलाच्या कालवणाचा जळका वास लपवत म्हणायचा, "तुम्हाला नाही आमंत्रण!" पहिल्या दिवशी त्याला वाटलं, घरकाम म्हणजे काय, दोन तासांचं. मग कळलं की ते संपतच नाही. ते बागेसारखंच असतं, त्यालाही रविवार नसतो. फरक एवढाच की बागेत तो दमला की माणसं 'बिचारा राबतो' म्हणतात. घरातल्या राबण्याला कुणी काही म्हणत नाही. हा विचार त्याने मोठ्याने बोलून दाखवला नाही. बायकोपुढे असे विचार बोलून दाखवण्यात धोका असतो.

संध्याकाळी तो तिच्या हातमोज्याची बोटं ओढून काढायचा आणि खोबरेल चोळायचा. इतका वेळ त्याने तिचा हात कधी धरला नव्हता. लग्नात धरला होता, तोही भटजींनी सांगितला तेवढाच. चष्मा नाकावर घेऊन तो एकेक बोट उजेडाकडे करायचा, जसा रोपाचा वाफा बघतो तसा.

"अंगठ्याला फुटवा आलाय गो."

"आणि करंगळी?"

"करंगळी अजून पडीक आहे. येईल. ओल धरलीय."

नर्मदा तोंड दुसरीकडे करून हसायची. एकदा हसली नाही. म्हणाली, "व्हिसा मिळेल हो. तिकीटही झालंय. पण तुम्ही याल ना?"

"म्हणजे? विमान थांबतच नाही ना मधे."

"विमान नाही थांबत," ती म्हणाली आणि बोट सोडवून घेतलं. "पोचायचं आहे एकदा. कुठेतरी पोचून बघायचंय, बास."

हिरामण तेलाची वाटी घेऊन आत गेला.

दुसऱ्या खेपेला नर्मदाने काचेवर बोटं ठेवली आणि दिवा हिरवा लागला. काउंटरवरच्या मुलीने टाळी वाजवली. मग हिरामणने बोटं ठेवली. दिवा लाल. पुन्हा लाल. भांडी, राख, साबण आणि बायकोच्या वाट्याची सगळी सुई यांनी त्याच्या बोटांवरच्या रेघा पिऊन टाकल्या होत्या.

"अब अंकल के चले गए," ती मुलगी हताश होऊन म्हणाली.

नर्मदा उठली. परवानगी न विचारता काउंटरच्या आत आली. तिने त्याचा पंजा आपल्या दोन मऊ हातांत धरला, गरम होईपर्यंत चोळला, तोंडाजवळ नेऊन वाफ दिली आणि एकेक बोट स्वतः काचेवर दाबलं. सगळी रांग बघत होती. हिरामणचे कान लाल झाले आणि दिवा हिरवा.

निघायच्या आदल्या दिवशी बाग फ्लॉसीबायच्या ताब्यात दिली. तिचा स्वतःचा जन्म चाफ्याखाली गेलेला, तरी हिरामणने तिला आकडी कशी धरायची ते दाखवलं. "भाऊ," ती म्हणाली, "तुम्ही जा नायतर मी ती आकडी तुमच्याच गळ्यात घालीन." वरून साळगावकर म्हणाले, "मी आहे लक्ष ठेवायला! काही झालं तर लगेच फोन करतो." या जगात जेवढे अनर्थ झाले, ते असल्या आश्वासनांनी झाले आहेत.

विमान सकाळचं होतं. अंधारातच एल्रॉय गाडी घेऊन आला. हिरामण पुढे बसला, नर्मदा मागे, शेजारी पिशवी, पिशवीत डबा. नर्मदाने पायांत क्षितिजाने दिलेले पांढरे बूट घातले होते आणि पाय जमिनीला लागू नयेत असे अवघडून धरले होते.

आता बघा, माणसाला समुद्र ओलांडून न थांबता नेणारं विमान मिळतं, पण वसईहून त्या विमानापर्यंत न थांबता नेणारा रस्ता आजवर कुणाच्या बापाला बांधता आलेला नाही. निवडणूक आली की बांधतात, झाली की उखडतात. खाडीवरच्या वरसावेच्या पुलाअलीकडे गाडी थांबली. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, बाजूला भाजीचा टेम्पो. इंजिनं बंद झाली. लोक खाली उतरून तंबाखू मळायला लागले. आणि हिरामणचा फोन वाजला.

"हिरामणराव! तुमच्या मोटारीच्या खोलीतून धूर येतोय! मोठा धूर!"

हिरामणने दार उघडलं. तो काही ठरवून उतरला नाही. पायच उतरले, त्यांना वर्षानुवर्षांचा सराव होता.

"काका, कुठे चाललात?" एल्रॉय ओरडला. "आता सुटेल ट्रॅफिक!"

हिरामण मधला कठडा ओलांडून पलीकडे गेला. वसईकडे जाणारा रस्ता मोकळा होता, परत जाणारा रस्ता नेहमी मोकळाच असतो. त्याने हात केला आणि एक टेम्पो थांबलासुद्धा. "नर्मदा!" असं हाक मारायला तो वळला.

गाडीच्या आतला छोटा दिवा लागलेला होता. नर्मदा त्याच्याकडे बघत नव्हती. रागावलेली दिसत नव्हती, रडतही नव्हती. तिने पायांतले बूट काढून बाजूला नीट जोडीने ठेवले होते. डबा मांडीवर घेतला होता आणि झाकण उघडत होती. झाकण घट्ट होतं. तिची नवी, मऊ बोटं त्यावरून घसरत होती, आणि ती शांतपणे पुन्हा पुन्हा लावत होती.

नेरळला, कसाऱ्याला, सुरतेला, पुण्याला हिरामण नेहमी तिच्या शेजारी बसून डब्यातलं खात आला होता. उघडा डबा आयता हातात मिळायचा, म्हणून त्याने हे उघडणं कधी लांबून पाहिलंच नव्हतं.

टेम्पोवाला म्हणाला, "काका, येताय का?"

हिरामण कठड्यावरून परत आला. गुडघा खरचटला, लेंगा फाटला. त्याने मागचं दार उघडलं, नर्मदाच्या शेजारी बसला आणि झाकणावर दोन्ही पंजे ठेवून दाबून बसवलं.

"बंद कर."

"अहो, पण मोटार..."

"जळू दे." त्याने दार ओढून घेतलं. "बूट घाल. एल्रॉय, हॉर्न वाजव."

"काका, हॉर्न वाजवून काय होणार?"

"काही होत नाही. तरी वाजव!"

पूल ओलांडला तेव्हा फ्लॉसीबायचा फोन आला. डास फार म्हणून तिने मोटारीच्या खोलीमागे केळीची सुकी पानं पेटवली होती. चाफा तोडून झाला होता. साळगावकरांनी वरून पाण्याची बादली ओतली होती आणि ते पाणी तिच्या डोक्यावर पडलं होतं. पुढे ती साळगावकरांबद्दल जे बोलली ते रविवारी चर्चला जाणाऱ्या बाईच्या तोंडचं नव्हतं.

विमानात नर्मदाला खिडकी मिळाली. दार बंद झालं, तो आवाज दोघांनी नीट ऐकला. नर्मदाने डोळे मिटून एक लांब श्वास सोडला. हिरामणने पट्टा इतका आवळला की हवाईसुंदरीने येऊन सैल केला. विमान वर गेलं, खाली खाड्या दिसल्या, मिठागरं दिसली, मग नुसता समुद्र. तासभर झाला. आणि कॅप्टन इंग्रजीत काहीतरी बोलला. सगळ्या विमानात एकदम 'च्च' झालं.

"काय म्हणाला?" नर्मदाने पलीकडच्या माणसाला विचारलं.

"तांत्रिक बिघाड आहे काकी. काळजीचं नाही. पण परत चाललोय मुंबईला."

नर्मदाने हळूहळू मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं.

"मी नाही गो!" हिरामणने दोन्ही हात वर केले. "चाफ्याची शपथ! मी जागचा हललोसुद्धा नाही!"

तिचा हात सवयीने पायाशी ठेवलेल्या पिशवीकडे गेला. हिरामणने पिशवीवर चपलेसकट पाय ठेवला.

"डब्याला हात लावायचा नाही. आपण परत नाही चाललो. विमान चाललंय."

मुंबईत विमान उतरलं. माणसं शिव्या देत, बॅगा ओढत गेली. हिरामण पट्टा बांधून बसून राहिला. हवाईसुंदरी आली, मराठी होती बिचारी. "सर, दुसरं विमान देतोय आम्ही. तोपर्यंत आत बसायचंय फक्त. उतरा ना प्लीज."

"नाही."

"सर, सगळे उतरले."

"त्यांचं त्यांना जमत असेल. बाई, मी उतरलो की घरी जातो. हे माझं दुखणं आहे. मला इथेच ठेवा. हवं तर विमान दुरुस्त करताना माझ्यावर पाणी पडू दे, पण मला उतरवू नका."

त्या पोरीला काय करावं कळेना. तिने आणखी दोघांना बोलावलं. साहेब आले, वायरलेस आला. हिरामण समोरच्या खुर्चीची पाठ धरून बसला होता, बोटं पांढरी होईपर्यंत. ज्या माणसाला आयुष्यभर कुणी गाडीत बसवून ठेवू शकलं नाही, त्याला आता चार माणसं मिळून उतरवू शकत नव्हती.

शेवटी नर्मदाने त्याचा पट्टा सोडला. "चला. मी धरते तुम्हाला."

"सोडणार नाहीस?"

"नाही."

तिने त्याचं मनगट धरलं, जत्रेत पोराचं धरतात तसं. धरूनच विमानातून उतरवलं, धरूनच बाकड्यावर बसवलं. त्याला लघवीला जायचं झालं तेव्हा ती पुरुषांच्या दारापर्यंत गेली आणि बाहेर उभी राहून दर थोड्या वेळाने हाक मारत राहिली, "आहात ना?" आतून आवाज यायचा, "आहे गो!" येणारे-जाणारे बघत होते. बघू देत. फोन वाजला, साळगावकर होते. विमान परत आल्याचं त्यांना बातम्यांत कळलं होतं. "हिरामणराव, आलात ना परत? मी म्हणतच होतो! येताना पापडीवरून..." हिरामणने फोन बंद केला. एरवी बंद कसा करायचा तेसुद्धा त्याला येत नव्हतं.

ऊन उतरताना दुसरं विमान निघालं. दार पुन्हा बंद झालं. पुन्हा खाड्या, मिठागरं, समुद्र. तास झाला. दोघं श्वास धरून बसले. कॅप्टन बोलला नाही. दुसरा तास झाला. खाली आता कुठला देश होता कुणास ठाऊक, पण वसई नव्हती.

नर्मदाने अजून त्याचं मनगट सोडलं नव्हतं. आता तिने ते सोडलं. पिशवी वर घेतली, डबा मांडीवर ठेवला. झाकणाला बोटं लावली, ती घसरली. हिरामणने त्याच्या खरखरीत बोटांनी दुसऱ्या बाजूने जोर लावला आणि झाकण निघालं. सुकेळ्यांचा गोड वास पाचसहा रांगांपर्यंत गेला.

ती खात होती. तोंड पश्चिमेकडे होतं.

हिरामणने एक सुकेळं तोंडात टाकलं, दुसरं घेतलं, आणि मग त्याच्या मनात शंका आली.

"सगळं आत्ताच संपवलं तर परत येताना काय खायचं गो?"

"परत यायला काही लागत नाही आपल्याला," नर्मदा खिडकीबाहेर बघत म्हणाली. "ते आपल्याला उपाशीपोटीसुद्धा येतं."